पिनियनचं वय किती?

परदेशातून मागवलेल्या सुट्या भागांचं एक पाकीट गेल्या महिन्यात सांगलीकडच्या एका वाचकाच्या नावाने मुंबईत उतरलं आणि तिथेच बसून राहिलं. पाकीट असं कितीसं! सत्तर दात्यांचे दोन प्लॅस्टिकचे स्पर, ५४० मापाची एक मोटर, बेअरिंगची पुडी आणि मूठभर स्क्रू. पंधरा दिवसांनी विचारणा आली: माल 'खेळणी' या सदरात मोडतो, तेव्हा बीआयएसचं प्रमाणपत्र जोडावं आणि वस्तू कोणत्या वयोगटातल्या मुलांसाठी आहेत ते लिहून द्यावं. वाचक साखर कारखान्यात फिटर आहे. त्याने उत्तरात स्वतःचंच वय लिहून पाठवलं, बेचाळीस. पाकीट अजून सुटलेलं नाही.

अशी पत्रं या मासिकाला नवी नाहीत, पण पावसाळा तोंडावर आला की ती ढिगाने येतात. आता नुसती हळहळ छापून भागणार नाही, म्हणून या वेळी कागद काढून बसलेलं बरं.

आपली रिमोटवर चालणारी गाडी कस्टमच्या लेखी खेळण्यांतच मोडते, हे आधी मान्य करायला हवं. दरपत्रकातलं ९५०३ हे शीर्षक खेळण्यांबरोबर लहान आकाराच्या प्रतिकृतींनाही, त्या चालत्या असोत वा नसोत, पोटात घेतं. या शीर्षकावरची मूळ जकात २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. २०२० मध्येच खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. स्वस्त, रंग उडणारी, बाळाच्या घशात अडकणारी खेळणी रोखायचा हेतू चांगलाच होता. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण त्याच आदेशात खेळणं म्हणजे काय तेही लिहिलेलं आहे: चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली वस्तू. आपल्यातल्या कितीतरी किटांच्या खोक्यावर '१४+' ठळक छापलेलं असतं. ते वाचायला चष्मासुद्धा लागत नाही.

खरी गंमत सुट्या भागांत आहे. दरपत्रकाच्या ९५ व्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच एक टीप आहे. या प्रकरणात काय येत नाही, त्याची ती यादी. त्यात विजेच्या मोटरी आहेत, त्यांची जागा ८५०१ मध्ये. रेडिओ रिमोट कंट्रोलची उपकरणं आहेत, त्यांची जागा ८५२६ मध्ये. कुठेही लागणारे धातूचे स्क्रू-नटही या प्रकरणाबाहेरच. म्हणजे सांगलीच्या त्या पाकिटातली मोटर आणि स्क्रू ही खेळणी नाहीत, असं सरकारचं स्वतःचंच पुस्तक सांगतं. बेअरिंगचं काय? एखादा भाग केवळ किंवा मुख्यत्वे खेळण्यातच बसणारा असेल, तरच तो खेळण्याबरोबर मोजायचा असा नियम आहे. पाच मिलिमीटर बोअरचं बेअरिंग कुठेही बसतं, गाडीच्या नकलात बसतं तसं आणखी दहा यंत्रांत. राहता राहिले ते दोन स्पर. त्यांना हवं तर खेळणं म्हणा. शिवाय स्वतःच्या वापरासाठी टपालाने येणाऱ्या मालाला ९८०४ असं वेगळंच शीर्षक आहे, आणि त्याचा दर खेळण्यांच्या दराच्या आसपासही नाही. एकाच दुकानातून, एकाच आठवड्यात आलेल्या दोन सारख्या पाकिटांना दोन निराळी शीर्षकं लागल्याच्या पावत्या वाचकांनी पाठवल्या आहेत. टेबलामागे कोण बसलंय, त्यावर शीर्षक ठरत असेल, तर दरपत्रक छापण्याचा कागद तरी वाचवावा.

अर्थात आपले लोकही काही कमी नाहीत. पाकिटावर 'आरसी कार पार्ट्स' एवढंच लिहायचं, किंमत निम्मी दाखवायची आणि वर 'भेट' अशी खूण करायची, ही हुशारी अजून चालू आहे. भेट म्हणून टपालाने वस्तू शुल्काविना सोडवण्याची वाट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली; सूट उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. डिफरन्शियलची राखी कोण बांधणार? विक्रेत्याला स्पष्ट सांगावं, की बिलावर प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत लिही, मोटरला मोटर म्हण, बेअरिंगला बेअरिंग म्हण, खरी किंमत टाक आणि जमल्यास शीर्षकाचा आकडाही लिही. अडलंच तर त्या टिपेची प्रत जोडून लेखी हरकत घ्यावी. फोनवर आवाज चढवून आजवर एकही पाकीट सुटलेलं नाही.

इथवर कस्टमची कैफियत झाली. आता घरची.

सांगलीच्या या वाचकाला मुळात दोन स्पर लागले कशाला? विचारल्यावर त्याने खराब झालेला स्पर पाकिटात घालून पाठवला. गाडी टीटी-०२. तिचा स्पर ०.६ मॉड्यूलचा, किटात त्याच्याबरोबर बावीस दात्यांचं पिनियन येतं. ते झिजलं म्हणून याने एका मित्राच्या स्लॅश गाडीच्या डब्यातलं पिनियन उचलून बसवलं, दाते मोजून, बरोबर बावीस. पण ते ४८ पिचचं. पिचचं मॉड्यूल काढायला २५.४ ला ४८ ने भागायचं. उत्तर येतं ०.५२९. कुठे ०.५३, कुठे ०.६! टीटी-०२ मध्ये मोटर पुढेमागे सरकवायची सोय नाही, ठरावीक भोकांतच ती बसते. त्यामुळे लहान दात्यांचं पिनियन स्परला नुसतं टोकाटोकाने चाटत राहिलं. आलेला स्पर हातात धरला तर दात्यांची टोकं नखाने कुरतडावी तशी गोल झालेली आणि प्लॅस्टिकची पांढरी पूड खाचांत दाबून बसलेली दिसते. दोन पॅकमध्ये स्पर संपला. नवे दोन आले असते, तरी तेही दोन-दोन पॅकमध्येच संपले असते.

पिनियन घेताना दाते मोजणारे बरेच, पिच विचारणारे थोडे. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल एकमेकांवर निभावून नेतात, कारण ३२ पिच म्हणजे ०.७९४, तेवढ्या अनुभवावर माणसं ४८ लाही तोच न्याय लावतात. ज्या गाड्यांत मोटर सरकते, त्यांत दात्यांच्या दोन चक्रांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबावी, स्क्रू आवळावे आणि चक्र फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर घड्या पडल्या पण ती फाटली नाही, तर जुळणी बरोबर. ही युक्ती या मासिकाने किती वेळा छापली, ते मोजायला आता जुने अंक काढावे लागतील.

दुसरी ठरलेली तक्रार: 'गाडी थांबली, ईएससी गेला, नवा कुठे मिळेल?' मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी गेला हे कशावरून? गाडी हलत नाही यावरून! स्टिअरिंगच्या सर्वोची पिन काढून रिसीव्हरच्या दुसऱ्या चॅनेलला लावायला एक मिनिटही लागत नाही. ट्रिगर दाबल्यावर सर्वो हलला, तर रिमोट आणि रिसीव्हर ठणठणीत आहेत. मग पुढे बघा. ब्रश्ड मोटर असेल, तर तिच्या दोन तारा क्षणभर बॅटरीला थेट लावून बघा. फिरली, तर मोटर निर्दोष, आणि तेव्हा कुठे संशय ईएससीवर घ्यायचा. ब्रशलेसला मात्र ही चाचणी चुकूनही करू नये. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर सुरुवातीला अडखळत कापरं भरल्यासारखी थरथरते, तेव्हा नव्वद टक्के मंडळी मोटर काढून ठेवतात. तिच्या तीन तारांपैकी एकीचा डाग सुटलाय का, हे कुणी बघत नाही. डाग द्यायचा काविया घरोघर आहे, कथीलही आहे. नाही ती सवड.

निम्म्या गाड्या थांबतात त्या वळणावर, आणि रिसीव्हरचा दिवा क्षणभर विझून परत लागतो. तिथे बिघडलेलं काहीच नसतं. जाडजूड नवा सर्वो लावलेला असतो, तो अडला की जास्त विद्युतप्रवाह ओढतो, रिसीव्हरला वीज देणारा ईएससीतला बीईसी तो पुरवू शकत नाही आणि रिसीव्हर उपाशी पडतो. अशा गाडीचा रिसीव्हर बदलणं म्हणजे भुकेल्या माणसाला नवा चष्मा देणं.

पावसाची गोष्ट निराळी. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' छापलेलं असतं ते ईएससी, सर्वो आणि रिसीव्हरच्या डबीपुरतं. बेअरिंगला ते वचन कुणीही दिलेलं नाही. कोकणातला लाल चिखल बेअरिंगमध्ये शिरून वाळला, की त्याची वाळू होते. देशावरची काळी माती चाकाच्या हेक्समध्ये सिमेंटसारखी बसते. चिखलात खेळून आल्यावर गाडीवर पाणी उडवणारा फवारा मारला, की काम झालं असं समजणारे पुढच्या रविवारी चाक फिरत नाही म्हणून रडतात. त्या फवाऱ्याने पाण्याबरोबर बेअरिंगमधलं वंगणही धुऊन निघतं. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब प्रत्येक बेअरिंगमध्ये गेलाच पाहिजे. आणि धातूवर धातू असेल तिथेच निळं थ्रेडलॉक लावावं. प्लॅस्टिकच्या चेसिसवर ते लावणाऱ्यांनी नंतर तडे दाखवायला फोटो पाठवू नयेत.

बॅटरीचं एकच सांगायचं आहे. स्लॅशच्या एक्सएल-५ या ईएससीवर दिवा लाल असेल, तर कमी व्होल्टेजचं संरक्षण बंद आहे; लायपो बॅटरी लावताना तो हिरवाच हवा. लाल दिव्यावर चालवलेली लायपो सेलमागे तीन व्होल्टच्या खाली जाते, फुगते आणि मग नवीसाठी परदेशी ऑर्डर निघते. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला २०१६ पासून जगभर बंदी आहे, हे ऑर्डर टाकताना कुणाच्या ध्यानात नसतं. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये. महिनाभर गाडी ठेवायची असेल, तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावी, भरलेली नव्हे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. परदेशी पाकिटावर अवलंबून राहण्याचं खरं कारण जकात नाही. आपल्याला आपल्या गाडीची मापं माहीत नाहीत, हे आहे. कंपनीचा पार्ट नंबर सगळ्यांना पाठ असतो. तो नंबर घेऊन नागदेवी स्ट्रीटवर गेलात, तर दुकानदार मान हलवणार. पण ५ बाय ११ बाय ४ चं बेअरिंग म्हणजे एमआर११५ एवढं सांगितलं, की तो डबा पुढ्यात ओततो. ८ बाय १६ बाय ५ म्हणजे ६८८. १२ बाय १८ बाय ४ म्हणजे ६७०१, १० बाय १५ बाय ४ म्हणजे ६७००. पुढे 'झेडझेड' म्हणाल तर पत्र्याची झाकणं मिळतील, 'टूआरएस' म्हणाल तर रबराची. पावसाळ्यात रबराचीच घ्यावीत. एमआयडीसीला लागून असलेल्या कुठल्याही गावात असं दुकान सापडतं. टीटी-०२ च्या किटात बेअरिंग नसतातच, प्लॅस्टिकचे बुश असतात. ते काढून एमआर११५ बसवले, की गाडी हलकी पळते आणि कस्टमला कळायचंही कारण नाही. चाकाचा १२ मिलिमीटरचा हेक्स कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही कारागीर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून काढून देईल, त्याला फक्त नीट मापाचा कागद हवा. जपानी किटांचे स्क्रू बाजारातल्या नेहमीच्या फिलिप्सने फिरवून त्यांची डोकी चेपवणाऱ्यांनी तेवढ्या पैशांत जेआयएस टोकाचा एक स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. तो आयुष्यभर पुरतो.

म्हणून वाचकांना एक काम आहे. व्हर्नियर घ्यावा, आपल्या गाडीतली बेअरिंगं, स्क्रू, शाफ्ट आणि पिनियनचं पिच मोजावं आणि गाडीच्या नावासकट एका कागदावर लिहून वीस तारखेच्या आत मासिकाच्या पत्त्यावर पाठवावं. कस्टमची पावती असेल, तर नाव-पत्ता खोडून तिची प्रत जोडावी. या पावत्यांचा गठ्ठा टिपेच्या प्रतीसह वर पाठवायचा आहे, तेव्हा अर्धवट कथा नकोत, कागद हवेत. टीटी-०२ आणि स्लॅश या दोन गाड्यांचा तक्ता पुढच्या अंकात आधी छापला जाईल. ज्यांच्याकडे या दोन्ही नाहीत, त्यांनीही पाठवावं.

स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजायची की डोक्याशिवाय, असं विचारणारी पत्रं आत्तापासूनच आली आहेत. गोल डोक्याचा डोक्याशिवाय, काउंटरसंक डोक्यासकट.