कोठाराचे अंतर, शेतकऱ्याचा भाव

२ जुलै २०२५ रोजी बंगी आणि व्हिटेरा ह्या धान्यव्यापारातील दोन बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपन्या एक झाल्या. कॅनडाच्या सरकारने त्याच वर्षी जानेवारीत ह्या विलीनीकरणास संमती देताना ज्या अटी घातल्या, त्यांपैकी एक अट अशी होती की, पश्चिम कॅनडातील सहा धान्य-एलेव्हेटर कंपनीने विकून टाकावेत. जगभर पसरलेल्या कंपनीच्या हिशेबात सहा एलेव्हेटर म्हणजे काहीच नव्हे. तरीही सरकारला त्यांची दखल घ्यावी लागली, कारण गव्हाच्या त्या प्रदेशात एलेव्हेटर कोणाच्या मालकीचा आणि शेतापासून किती अंतरावर, ह्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव अवलंबून असतो. विशेष म्हणजे जी व्हिटेरा ह्या व्यवहारात विलीन झाली, तिचा उगम शेतकऱ्यांनी घामाच्या पैशातून उभारलेल्या सहकारी संस्थांत आहे. हा उलटा प्रवास कसा घडला, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

सास्काचेवान, मानिटोबा आणि अल्बर्टा ह्या तीन प्रांतांचा सपाट प्रदेश 'प्रेअरी' म्हणून ओळखला जातो. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. पिकलेले धान्य बंदरापर्यंत न्यायचे तर आगगाडीवाचून गत्यंतर नाही, आणि आगगाडीत ते भरायचे तर एलेव्हेटर हवा. एलेव्हेटर म्हणजे रुळांलगतचे उंच कोठार. शेतकऱ्याची गाडी काट्यावर तोलली जाते, धान्य खाली खड्ड्यात ओतले जाते, पट्ट्याला जोडलेल्या डब्यांच्या साखळीने ते वर चढते, निरनिराळ्या कप्प्यांत साठते आणि वाघीण आली की नळाने तिच्यात उतरते. यंत्र साधेच आहे. परंतु वजन, प्रत आणि काडीकचऱ्यासाठी होणारी कपात, जिला आपल्या बाजारात कडता म्हणतात, ह्या तिन्ही गोष्टी त्याच दारात ठरतात. बंदरावरील भावातून रेल्वेचे भाडे, हाताळणीचा आकार आणि कडता वजा जाऊन जे उरते तो शेतकऱ्याचा भाव. शेतापासून एलेव्हेटरपर्यंतची वाहतूक त्याने ह्या उरलेल्या रकमेतूनच भागवायची असते. म्हणजे एलेव्हेटर दहा मैल दूर सरकला की जगाच्या बाजारात काहीही न घडता शेतकऱ्याचा भाव खाली येतो.

ह्या दारावरचा लढा जुना आहे. १८९७ च्या सुमारास कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने असा पवित्रा घेतला की, जेथे एलेव्हेटर आहे तेथे शेतकऱ्याच्या गाडीतून थेट वाघिणीत धान्य भरू द्यायचे नाही. एलेव्हेटर कंपन्यांना ह्याहून मोठे वरदान कोणते? १९०० च्या मानिटोबा धान्य कायद्याने शेतकऱ्याला स्वतः वाघीण भरण्याचा हक्क दिला. पण रेल्वे तो पाळीना. १९०१ साली पीक अमाप आले आणि धान्य वाहून नेण्यास वाघिणी मिळेनात. सिंटालूटा ह्या लहानशा स्थानकावर शेतकऱ्यांच्या संघटनेने रेल्वेच्या एजंटाला कोर्टात खेचले आणि १९०२ साली तो दोषी ठरला. ह्याच लढ्यातून १९०६ साली शेतकऱ्यांची धान्य कंपनी निघाली, १९११ साली सास्काचेवानात सहकारी एलेव्हेटर कंपनी स्थापन झाली, आणि १९२३-२४ मध्ये तिन्ही प्रांतांत 'व्हीट पूल' ह्या नावाने शेतकऱ्यांच्या विशाल सहकारी संस्था उभ्या राहिल्या. १९३५ साली गहू मंडळ आले आणि १९४३ पासून गव्हाची सारी विक्री त्या एका सार्वजनिक संस्थेच्या हाती गेली.

१९३३ साली प्रेअरीवर परवानाधारक एलेव्हेटरांची संख्या ५,७५८ होती. त्याच वर्षी रेजायना शहरात कोऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन ह्या समाजवादी पक्षाने आपला जाहीरनामा स्वीकारला, आणि अकरा वर्षांनी, १९४४ साली, त्याच पक्षाच्या टॉमी डग्लस ह्यांनी सास्काचेवानात सरकार स्थापन केले. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्या शेतकऱ्याने गावच्या एलेव्हेटरच्या सभेत हिशेब मागायला शिकून घेतले होते, त्यानेच पुढे सार्वजनिक आरोग्यसेवेचीही मागणी केली. साधारण आठ-दहा मैलांवर एक स्थानक आणि प्रत्येक स्थानकावर एक किंवा अधिक एलेव्हेटर, अशी ती मांडणी होती. घोडागाडी भरून नेऊन दिवसाकाठी घरी परतता यावे, हा तिचा हिशेब. एलेव्हेटरच्या सावलीत दुकान, शाळा, टपाल कचेरी उभी राहिली. गावच्या पालिकेला त्याच्याकडून कर मिळे. ह्या सर्वांच्या मुळाशी एक आधार होता: १८९७ च्या करारातून आलेले व १९२५ साली कायद्याने पक्के झालेले धान्य-वाहतुकीचे स्वस्त भाडे, म्हणजेच 'क्रो रेट'.

१९८३ च्या कायद्याने हा आधार प्रथम ढिला केला, आणि १ ऑगस्ट १९९५ रोजी वाहतुकीवरील सरकारी अनुदान समूळ बंद झाले. मोबदला म्हणून एकदाच १६० कोटी डॉलर वाटले गेले, तेही जमिनीच्या मालकांना. खंडाने कसणाऱ्याच्या वाट्याला त्यातले किती यावे, हे मालकाशी होणाऱ्या घासाघिशीवर सोपवले गेले. त्याच वर्षी सरकारी मालकीची कॅनेडियन नॅशनल रेल्वे खाजगी झाली आणि पुढच्याच वर्षी नव्या वाहतूक कायद्याने शाखामार्ग बंद करणे सोपे करून टाकले. मग रेल्वे कंपन्यांनी नवी नीती अवलंबिली. एकाच ठिकाणी पन्नास वा शंभर वाघिणी एकदम भरून देणाऱ्याला भाड्यात सवलत देऊ केली. दहा-वीस वाघिणी भरणारा गावचा लाकडी एलेव्हेटर ह्या शर्यतीत टिकणार कसा? शतक संपताना एलेव्हेटरांची संख्या सुमारे एक हजारावर आली होती. आज ती चारशेच्या आसपास आहे. साठवणक्षमता मात्र त्या प्रमाणात घटली नाही. कोठारे नाहीशी झाली नाहीत, मुख्य रेल्वेमार्गालगत एकवटली.

ह्या बदलाचे समर्थन करताना कार्यक्षमतेचा दाखला दिला जातो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. लाकडी एलेव्हेटर जुने झाले होते, कित्येक शाखामार्ग जड वाघिणींचा भार पेलू शकत नव्हते, आणि घोडागाडीच्या हिशेबाने आखलेले अंतर मालमोटारीच्या युगात जसेच्या तसे राहणार नव्हते. प्रत्येक एलेव्हेटर वाचलाच पाहिजे, असे कोणी विचारी माणूस म्हणणार नाही. परंतु कार्यक्षमता कोणाची, हा प्रश्न विचारावाच लागतो. रेल्वेचा दर टनामागील खर्च कमी झाला, एलेव्हेटर कंपनीचे नोकर कमी झाले. पण जे धान्य पूर्वी दहा मैलांवर पोहोचत असे ते आता पन्नास, साठ, क्वचित शंभर किलोमीटर न्यावे लागते. त्यासाठी मोठी मालमोटार शेतकऱ्याने घ्यायची, डिझेल त्याने जाळायचे, आणि माल लगेच घेतला जात नाही म्हणून शेतावर साठवणीच्या कोठ्याही त्यानेच बांधायच्या. जड वाहनांखाली चिरडलेल्या ग्रामीण रस्त्यांची दुरुस्ती करायची पालिकेने, आणि तीही एलेव्हेटरचा कर गमावल्यानंतर! कंपनीच्या ताळेबंदात जी बचत दिसते तिचा मोठा हिस्सा म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर ढकललेला खर्च आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत ह्याला काहीही नाव द्यावे, साध्या भाषेत ही बचत नव्हे.

शिवाय अंतर वाढले की पर्याय घटतो. एकाच स्थानकावर तीन कंपन्यांचे एलेव्हेटर असत तेव्हा प्रत पाडून दाखवणाऱ्याकडे पाठ फिरवून शेजारच्या दारात जाता येत असे. दुसरे दार साठ किलोमीटरवर असेल तर हा हक्क कागदावरच राहतो. कंपन्यांना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच बंद केलेले कित्येक एलेव्हेटर गावकऱ्यांना वा प्रतिस्पर्ध्यांना विकण्याऐवजी त्यांनी पाडून टाकणे पसंत केले.

सर्वांत बोचरी गोष्ट अशी की, ही मोडतोड केवळ परक्या भांडवलदारांनी केली नाही. सास्काचेवान व्हीट पूलने १९९६ साली आपले भाग टोरांटोच्या शेअरबाजारात आणले. पाठोपाठ 'प्रोजेक्ट होरायझन' ह्या योजनेखाली काँक्रीटचे प्रचंड एलेव्हेटर बांधण्यासाठी कर्ज उभारले आणि सभासदांच्याच गावांतील जुने एलेव्हेटर बंद केले. कर्जाचा बोजा पेलवेना तेव्हा २००३ साली सावकारांशी तडजोड करावी लागली; २००५ साली शेतकरी-प्रतिनिधींचे नियंत्रण संपले; २००७ साली पूलने ॲग्रीकोर युनायटेडला गिळून व्हिटेरा हे नाव धारण केले; २०१२ साली ग्लेनकोरने ती व्हिटेरा विकत घेतली, आणि आता ती बंगीत विलीन झाली. गहू मंडळाचीही तीच गत झाली. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची मक्तेदारी संपवण्यात आली. मंडळाने स्वतः घेतलेल्या कौलात गहू पिकवणाऱ्या मतदारांपैकी ६२ टक्क्यांनी ती राखण्याच्या बाजूने मत दिले होते. ते मोजले गेले नाही. २०१५ साली मंडळाचा बहुसंख्य हिस्सा बंगी आणि सौदी सरकारची गुंतवणूक कंपनी ह्यांच्या संयुक्त संस्थेकडे गेला.

ह्याची किंमत काय, ते फार लवकर कळले. २०१३ साली विक्रमी पीक आले. एलेव्हेटर तुडुंब भरले, वाघिणी मिळेनात. बंदरावरचा भाव आणि एलेव्हेटरच्या दारातला भाव ह्यांतील दरी रुंदावत गेली, आणि ती दरी शेतकऱ्याच्या खिशातून भरली गेली. अखेर मार्च २०१४ मध्ये मुक्त बाजाराचे स्तोत्र गाणाऱ्या सरकारलाच वटहुकूम काढून दोन्ही रेल्वे कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी पाच लाख टन धान्य हलवण्याचे बंधन घालावे लागले. १९०१ सालचाच प्रश्न एकशे बारा वर्षांनी पुन्हा दारात उभा राहिला होता. फरक एवढाच की, १९०१ नंतर शेतकऱ्यांनी संस्था उभारल्या. २०१३ साली त्या संस्था शिल्लक नव्हत्या.

तथापि हे चित्र निव्वळ पराभवाचे नाही. स्वतः वाघीण भरण्याचा जो हक्क पहिल्या पिढीने मिळवला तो कायद्यात अद्याप आहे, आणि त्याच्या आधारावर शेतकऱ्यांनी काही ठिकाणी पाय रोवले आहेत. नैर्ऋत्य सास्काचेवानात २००४ साली शेतकरी व स्थानिक पालिका ह्यांनी ग्रेट वेस्टर्न रेल्वे विकत घेतली. अल्बर्टात २०१० साली बॅटल रिव्हर रेल्वे सहकारी तत्त्वावर सुरू झाली. मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेले मार्ग तेथील लोकांनी चालवून दाखवले. दुसरीकडे वेबर्न येथे १९७६ साली शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचे मोठे आधुनिक टर्मिनल उभारले होते. म्हणजे आकाराने मोठे असणे आणि लोकांच्या मालकीचे असणे ह्यांत मुळात विरोध नाही. तेही टर्मिनल २०१४ साली खाजगी कंपनीला विकले गेले, हा मात्र सावधगिरीचा इशारा आहे.

महाराष्ट्राचा ह्या सर्वांशी संबंध काय? सास्काचेवानातील एलेव्हेटरमधून निघालेला मसूर आणि पिवळा वाटाणा भारताच्या बंदरांत उतरतो आणि येथील डाळींच्या भावावर परिणाम करतो. २०१७ साली तुरीचे भाव हमीभावाखाली कोसळले असताना विदर्भ-मराठवाड्यात खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, आणि २२ एप्रिलला खरेदी थांबवण्यात आली. हमीभाव कागदावर ५,०५० रुपये होता. पण ज्याची गाडी रांगेतच अडकली त्याने व्यापारी देईल तो भाव घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारताने वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा सास्काचेवानातला शेतकरी कोसळला. दोघे एकमेकांचे शत्रू नाहीत. दोघांनाही आपल्या मालाच्या दारावर अधिकार नाही, हे त्यांचे समान दुखणे आहे. आणि सहकारी संस्था कर्जात बुडवून मग लिलावात काढण्याचा प्रकार महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या सभासदांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धरून ठेवल्या पाहिजेत. पहिली, खरेदी केंद्र, गोदाम वा सायलो कोठे असावा हा निर्णय उघड सुनावणीनंतर व्हावा, आणि त्या हिशेबात शेतकऱ्याची वाहतूक व रस्त्यांची झीज धरली जावी. दुसरी, केंद्र बंद करायचे झाल्यास ते प्रथम स्थानिक सहकारी संस्थेला वा ग्रामपंचायतीला देऊ करण्याचे बंधन असावे. पाडून टाकण्याची मुभा नसावी. तिसरी, सहकारी संस्थेची मालमत्ता सर्व सभासदांच्या मतदानावाचून बाजारात नेता येऊ नये. हमीभावाची मागणी रास्तच आहे; पण भाव जाहीर होऊनही घेणारे दार दूर असेल तर तो भाव हाती पडत नाही.

मानिटोबातील इंग्लिस येथे पाच लाकडी एलेव्हेटरांची रांग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केली आहे. प्रवासी ती पाहायला जातात. जी संस्था जिवंत ठेवायला हवी होती तिचे स्मारक करण्याची पाळी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या संस्थांवर येऊ नये, हे काम मात्र कोणत्याही सरकारवर सोपवण्यासारखे नाही. ते सभासदांनी वार्षिक सभेत हजर राहून, हिशेब मागून आणि वेळीच 'नाही' म्हणून करायचे आहे.