फी माफ झाली, राहायचं कुठे?

‘कॉम्प्युटरला घाला. बसून काम, स्थळंही चांगली येतात.’ पालकांच्या बैठकांत मी हे नेहमी ऐकते. म्हणजे पदवी लग्नासाठी! (एनियाक संगणकाच्या पहिल्या प्रोग्रामर सहा बायकाच होत्या, १९४६च्या आधीपासून. बुद्धीचा प्रश्न नाहीच.) २०२४-२५पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ठराविक प्रवर्गांतल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी माफ केली. चांगलंच झालं. पण नेमणूक हिंजवडी नाहीतर बंगळूरला निघाली, की घरचे विचारतात, ‘एकटी राहणार कुठे?’ मुलाला हे कोण विचारतं? नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ची आहे. मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात त्यातली किती उभी आहेत, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत उठू नका.