सोलापूरला नावं ठेवण्याआधी

चार वर्षं म्युनिकला नोकरी केली. सुट्टीत घरी आलो की सोलापूरला नावं ठेवायचो. ऊन, धूळ, दिवसांआड येणारं पाणी. एकदा अम्मी म्हणाली, "पाहुण्यासारखं बोलतोस." ते लागलं.

कायमचा परतलो. वेगळं घर शोधताना नाव ऐकताच एका घरमालकानं फोन ठेवला. वाटलं, परत जावं. पण का? तिकडे राहायला परवाना लागायचा. इथं कुणाची परवानगी मागायची? १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्यासोबत कुर्बान हुसेनही फासावर गेले. या शहराचे हुतात्मे चार आहेत, तीन नाहीत. हे त्या घरमालकाला कळायला हवं, आणि "इथं आपलं काय आहे?" म्हणणाऱ्या आपल्या पोरांनाही.

प्रेम म्हणजे गप्प बसणं नव्हे. पाण्यासाठी महापालिकेत निवेदन द्यायचं तर त्यावर आपलीही सही हवी, आणि ते फक्त आपल्या मोहल्ल्यापुरतं नको. विड्या वळणारी तेलुगू मावशी आणि माझी अम्मी एकाच पाण्याची वाट पाहतात.

तक्रार जरूर करा, दोस्तांनो. पण पाहुण्यासारखी नको, घरच्यासारखी करा.