बाथटब नको, भाडेकरार आणा

मसाई मारातल्या लक्झरी कॅम्पच्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. माळावर तंबू, तंबूत बाथटब, समोर हत्ती, हातात कॉफी. 2025 मध्ये तिथे रिट्झ-कार्लटनचा कॅम्प उघडला, तेव्हा एका रात्रीचा दर साडेतीन हजार डॉलरपासून सुरू होतो अशा बातम्या आल्या. आता आपल्याकडेही तसंच काही हवं म्हणतात. ताडोब्याभोवती आलिशान रिसॉर्ट झालेच आहेत, पुढचा नंबर आमच्या टिपेश्वरचा लागेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. माझं म्हणणं सरळ आहे. आफ्रिकेतून काही आणायचंच असेल, तर बाथटब राहू द्या, भाडेकरार आणा.

रीलमध्ये तो करार दिसत नाही. मसाई माराच्या सरकारी राखीव क्षेत्राला लागून कॉन्झर्वन्सी आहेत. तिथली जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची. नाबोइशो ही त्यातली एक. 2010 मध्ये सुमारे 500 जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र केल्या आणि कॅम्पवाल्यांना भाड्यानं दिल्या. भाडं जमिनीवर ठरतं. सिंह दिसला काय, नाही दिसला काय, मालकाला पैसे मिळतात.

आता टिपेश्वरला या. पांढरकवड्याजवळचं जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं अभयारण्य. वाघाला हद्दीचा बोर्ड वाचता येत नाही. सकाळी जिप्सीला दर्शन देणारा वाघ रात्री कुणाच्या तरी वावरातल्या नाल्यात बसलेला असतो. त्या वावराच्या मालकाला काय मिळतं? ढोर मेलं तर पंचनामा. पऱ्हाटीत रोही शिरले तर पंचनामा. माणूस गेला तर पंचनामा आणि भरपाई. म्हणजे काहीतरी गमावल्याशिवाय त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळ्या शब्दांत सांगतो. बऱ्याच कंपन्यांत ऑन-कॉल भत्ता असतो. रात्री सर्व्हर पडो न पडो, फोन उशाशी ठेवल्याचे पैसे मिळतात. आमचा शेतकरी तर रोजच ऑन-कॉल आहे. तूर भरली की तो रात्रभर जागल करतो, रानडुकरं हाकलतो. शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी आली की अंधारात मोटर सुरू करायला जातो. रिसॉर्टवाला ‘जंगलातली रात्र’ म्हणून जे विकतो, ते हा माणूस फुकटात करतो, आणि त्याच्याकडे जिप्सी नसते.

2019 मध्ये टिपेश्वरमधला कॉलर लावलेला एक वाघ निघाला आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. ‘वॉकर’ म्हणून त्याचं जगभर कौतुक झालं. तो चालला कुठून? कितीतरी गावांच्या शिवारांतून. त्या शिवारांचं कौतुक कुणी केलं नाही.

अवनीचंही तेच. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ तिला गोळी घातली. तिला ज्या पद्धतीनं मारलं, त्यावर प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण तिच्यासाठी हॅशटॅग चालवणाऱ्या किती जणांना त्याआधी गेलेल्या 13 माणसांपैकी एकाचं तरी गाव सांगता येईल?

यावर उत्तर तयार असतं: पर्यटनानं रोजगार मिळतो. मिळतो, खोटं नाही. गेटवर गाइड आहेत, जिप्सीचालक आहेत, रिसॉर्टमध्ये वेटर आहेत. पण नोकरी गावातल्या पाच-दहा जणांना लागते आणि वाघ सगळ्यांच्या बांधावरून जातो. पगार हा कामाचा मोबदला झाला. जमीन वापरल्याचा मोबदला वेगळा.

आफ्रिका म्हणजे स्वर्ग आहे असंही नाही. कॉन्झर्वन्सीत गुरं चारण्यावर बंधनं येतात. करोनात पर्यटन थांबलं तेव्हा भाड्याची ही व्यवस्था हादरली. टांझानियात लोलिओंडोला 2022 मध्ये 1,500 चौरस किलोमीटर जमीन राखीव करताना मसाई आणि पोलीस समोरासमोर आले. त्या रिट्झ-कार्लटनच्या कॅम्पविरुद्धही एक मसाई अभ्यासक कोर्टात गेले; वन्यप्राण्यांच्या स्थलांतराच्या वाटेवरच तो बांधल्याचा त्यांचा आक्षेप होता. म्हणून नक्कल करायची ती ऐटीची नव्हे, हिशेबाची.

आमच्याकडे जमिनीचे तुकडे लहान आहेत, हे खरं. पण एकत्र येऊन करार करायला तुकडा मोठा असावा लागत नाही. अभयारण्यालगतच्या गावांना रिसॉर्टच्या प्रत्येक खोलीमागे, प्रत्येक रात्रीमागे ठरलेला वाटा द्या. तो ग्रामसभेच्या हातात द्या आणि ज्याच्या वावरातून वाघाची वाट जाते त्याला एकरामागे वर्षाचं भाडं द्या. त्या गावांच्या शेतीला वीज फक्त दिवसा द्या. रिसॉर्टला परवानगी देताना याच अटी घाला.

तुम्ही टिपेश्वरला या, जरूर या. बुकिंग करताना वाघ दिसेल का हे सगळेच विचारतात. तुम्ही आणखी एक विचारा: या पैशातले किती शेजारच्या गावाला जातात? उत्तर मिळालं नाही, तर तेवढंच रिव्ह्यूमध्ये लिहा.