‘पुस्तक चांगले आहे’ : एवढे पुरेसे आहे काय?

कर्जमंजुरीच्या टिपणीत ‘अर्जदार सज्जन आहे’ एवढेच लिहून कोणताही अधिकारी ती वरिष्ठांकडे पाठवीत नाही. उत्पन्न किती, व्यवसाय कोणता, परतफेडीची क्षमता काय, तारण कोणते, हे सारे तीत नमूद करावे लागते. जोखीम कोठे आहे, तेही स्पष्टपणे लिहावे लागते. पुस्तकाविषयी अभिप्राय देताना मात्र आपण सारेच ‘अतिशय वाचनीय’, ‘बोधप्रद’, ‘संग्राह्य’, ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे’ अशा चार विशेषणांवर काम भागवितो. ग्रंथालयांच्या अभिप्रायवह्यांत, गृहपत्रिकांतील वाचकांच्या पानांवर आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील वाचक-गटांत हेच शब्द फिरताना दिसतात. ते मनापासून लिहिलेले असतात, यात शंका नाही. परंतु त्यांच्या आधारे पुढच्या वाचकाला काहीही ठरविता येत नाही.

कथा-कादंबरीच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते. आवडली नाही तर वाचक ती मिटून ठेवतो. चरित्रे, आत्मकथने, विज्ञान, निसर्ग, प्रवास अशा विषयांवरील पुस्तके माणूस काही प्रयोजनाने हाती घेतो, आणि मुलांची पुस्तके तर बहुधा दुसराच कोणी त्यांच्यासाठी निवडतो. नेमक्या याच दोन प्रकारांत वाचकाचा साधार अभिप्राय सर्वांत उपयोगी ठरतो, आणि नेमका याच दोन प्रकारांत तो सर्वांत मोघम असतो. मुलाच्या हाती अवेळी भलते पुस्तक पडले, तर नुकसान पुस्तकाच्या किमतीपुरते राहत नाही. ‘वाचणे म्हणजे कंटाळा’ असा त्या मुलाचा ग्रह होतो, आणि तो पुसून काढण्यास कित्येक वर्षे लागतात.

कौतुक विषयाचे, की पुस्तकाचे?

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. गुलामगिरीत जन्मलेले आणि पुढे टस्कीगी येथे कृषिसंशोधन करणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घराघरांत पोहोचले, ते या पुस्तकामुळे. त्याविषयीचे अभिप्राय पाहिले, तर बहुतेकांत कार्व्हर किती थोर होते हेच लिहिलेले आढळते. हा अभिप्राय कार्व्हर यांच्या जीवनाविषयी झाला. पुस्तकाविषयी आपण अद्याप काहीच बोललेलो नाही. थोर माणसाचे चरित्र नीरस असू शकते आणि सामान्य माणसाचे आत्मकथन खिळवून ठेवू शकते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

ग्रामीण शाखेत पीककर्जाचे काम केलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने याच पुस्तकाविषयी दिलेला अभिप्राय मला म्हणूनच मोलाचा वाटतो. सतत कापूस घेऊन कस गेलेली जमीन भुईमूग, चवळी यांसारख्या द्विदल पिकांनी सावरते, ही गोष्ट मेळाव्यातील भाषणापेक्षा या पुस्तकातून शेतकऱ्याच्या मनात अधिक सहज उतरते, असे त्यांचे मत. त्याचबरोबर, या माणसात काहीच उणे नव्हते काय, असा प्रश्न वाचताना वारंवार पडतो, असेही त्यांनी सांगितले. या दोन वाक्यांत पुस्तक कोणास द्यावे हे कळले, आणि कोणत्या वाचकाचे समाधान कदाचित होणार नाही, तेही कळले.

दुसरे उदाहरण आपल्या व्यवसायाच्या जवळचे आहे. डॉ. नरेंद्र जाधव यांनी रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ म्हणून दीर्घकाळ काम केले. त्यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक १९९३ मध्ये प्रकाशित झाले. बँकेतील अनेकांनी ते एका अधिकाऱ्याच्या यशाची कथा म्हणून वाचले. माझ्या मते या पुस्तकाचा कणा म्हणजे त्यातील वडील. डॉ. आंबेडकरांच्या विचारांनी उभा राहिलेला हा कष्टकरी माणूस स्वतःच्या बोलीत बोलतो, आणि ती बोली लेखकाने शुद्धलेखनाच्या कात्रीत धरलेली नाही. पुस्तकाच्या नावातच ती दिसते. कोणास हे मत मान्य होईल, कोणास होणार नाही. परंतु मतापाठोपाठ कारण आले, की मतभेदालाही अर्थ येतो. ‘प्रेरणादायी’ या एका शब्दाशी ना सहमत होता येते, ना असहमत.

पैसे देणारा एक, वाचणारा दुसरा

दहा वर्षे पूर्ण झालेल्या अज्ञान मुलाला स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून ते स्वतः चालविता येते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये यासंबंधीच्या सूचना सुधारित स्वरूपात दिल्या आणि रकमेची मर्यादा व अटी ठरविण्याचे काम प्रत्येक बँकेच्या जोखीम-धोरणावर सोपविले. म्हणजे दहा वर्षांचा खातेदार आपले पैसे काढू शकतो, भरू शकतो, स्वाक्षरी करू शकतो. त्याच मुलाला घरात ‘हे पुस्तक तुला कसे वाटले?’ असे विचारणारे मात्र विरळा. विचारले, तरी ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न लगोलग येतो, आणि मूल परीक्षेला बसल्यासारखे उत्तर देऊन सुटका करून घेते.

बालसाहित्याचे मूल्यमापन मोठ्यांनीच केलेले असते. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. मराठीसाठी त्या पहिल्या वर्षी अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ या पुस्तकाची निवड झाली. २०१४ मध्ये माधुरी पुरंदरे यांना तो मिळाला. या निवडी योग्यच होत्या. पुरस्कार-समितीत मुलांना बसविणे व्यवहार्य नाही, हेही खरे. मग मुलांचे मत नोंदविले जाण्यासाठी घर, शाळा आणि वाचकांचे पान एवढ्याच जागा उरतात. तेथेही आपणच बोलू लागलो, तर त्या मताला ठिकाणच राहत नाही.

‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकाचे उदाहरण येथे चपखल ठरेल. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या बालपणाच्या आठवणी त्यात सांगितल्या असून मूळ पुस्तक १९८१ मधील आहे. नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठी वाचकांपर्यंत आणले. सत्य घटनांवरील लेखन आणि मुलांचे पुस्तक, या दोन्ही कप्प्यांत ते बसते. मोठी माणसे हे पुस्तक वाचून मुख्याध्यापक कोबायाशी यांच्या शिक्षणपद्धतीविषयी भरभरून बोलतात. मुले बोलतात ती रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या वर्गांविषयी, आणि डब्यात ‘समुद्रातले काही, डोंगरावरचे काही’ आणावे या अजब नियमाविषयी. दोघांनी एकच पुस्तक वाचले आणि दोन निराळी पुस्तके पाहिली. यांपैकी केवळ पहिलाच अभिप्राय छापला गेला, तर हे शिक्षकांसाठीचे गंभीर पुस्तक आहे अशी समजूत होऊन ते मुलांच्या कपाटातून मोठ्यांच्या कपाटात जाण्याची शक्यता अधिक. पहिल्याच दिवशी त्या मुख्याध्यापकांनी लहानग्या तोत्तोचानचे बोलणे चार तास ऐकून घेतले, हा त्या पुस्तकातील सर्वपरिचित प्रसंग. अभिप्राय कसा मिळवावा याचा धडा त्याहून वेगळा शोधण्याची गरज नाही.

‘श्यामची आई’विषयी बोलताना तर आपण अधिकच सावध होतो. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. आज दहा-बारा वर्षांचे मूल ते वाचते, तेव्हा पोहायला जाण्यास घाबरणाऱ्या श्यामला आई मारते, या प्रसंगापाशी ते अडखळू शकते. ‘आईने असे का केले?’ हा त्याचा प्रश्न म्हणजे पुस्तकाचा अवमान नव्हे. त्या मुलाने पुस्तक मन लावून वाचले, याचा तो पुरावा आहे. त्याला गप्प करून ‘डोळ्यांत पाणी आले’ असे वाक्य त्याच्याकडून लिहवून घेतले, तर पुस्तकाविषयीचा आदर वाढत नाही. खोटे लिहिण्याची सवय मात्र लागते. याउलट भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ मुले पैजेने वाचतात, आणि ‘त्यात बोध काय?’ असे पालक विचारतात. पुस्तक संपेपर्यंत मूल जागचे हलले नाही, ही बाब अभिप्रायात नोंदविण्याइतकी महत्त्वाची आपल्याला वाटत नाही, याचे मला नवल वाटते.

महाराष्ट्राबाहेरील घरे

आपल्या बँकेचे अनेक मराठी ग्राहक आणि कर्मचारी महाराष्ट्राबाहेर राहतात. बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळेचे माध्यम बदलते, दुसरी-तिसरी भाषा बदलते. अशा घरांत मराठी बोलली जाते, पण मुलांचे मराठी वाचन हळूहळू थांबते. जवळपास मराठी पुस्तकांचे दुकान नसते. पुस्तक चाळून घेण्याची सोय नसते. त्या पालकाला दुसऱ्या वाचकाचे चार शब्द हाच आधार असतो. ‘उत्तम बालवाङ्‌मय’ या शेऱ्याचा त्याला काय उपयोग? अक्षर मोठे आहे काय, एका पानावर मजकूर किती, जोडाक्षरे अडवितात काय, हिंदी माध्यमातील नऊ वर्षांचे मूल ते स्वतः वाचू शकेल की वाचून दाखवावे लागेल, हे त्याला कळायला हवे. ही माहिती प्रकाशकाच्या जाहिरातीत नसते. ती फक्त वाचकच देऊ शकतो.

आपल्या भाषेच्या प्रदेशापासून दूर वाढूनही वाचन आणि लेखन टिकते, याचे ठळक उदाहरण डॉ. जयंत नारळीकर यांचे. त्यांचे बालपण बनारसला गेले. पुढे त्यांनी मराठीतून विज्ञान लिहिले आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या आत्मचरित्राविषयी बनारस, भोपाळ किंवा हैदराबाद येथे राहणारा मराठी वाचक जे लिहील, ते पुण्यातील वाचक लिहू शकणार नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. त्यात मराठी महिन्यांगणिक निसर्गाची बदलती रूपे येतात. ‘आमच्याकडे रायपूरला पळस केव्हा फुलतो’ एवढे एक वाक्य तेथील वाचकाने जोडले, तरी जुन्या पुस्तकाला नवा वाचक मिळण्याची वाट मोकळी होते. वाचकाचा पत्ता हादेखील अभिप्रायाचाच भाग असतो, तो असा.

वाचकाने समीक्षक व्हावे काय?

यावर असे म्हटले जाईल की, दिवसभर काउंटरवर काम करून दमलेल्या माणसाने वाचनाचा निर्भेळ आनंद घ्यावा की त्याचीही टिपणी लिहीत बसावे? हा आक्षेप रास्त आहे. वाचकाने समीक्षकाची परिभाषा उसनी घेऊ नये, असेच मलाही वाटते. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडणारा डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा ग्रंथ १९३१ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाला. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय. ही गाठ घालून देण्यासाठी पांडित्य लागत नाही. तीन-चार साध्या गोष्टी लिहिल्या तरी काम होते : मी हे पुस्तक कशासाठी घेतले, कोठे रमलो, कोठे थांबलो किंवा सोडून दिले, आणि ते कोणास द्यावे, कोणास देऊ नये. मुलांचे पुस्तक असेल, तर मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत, त्याच्या वयासह.

यांतील ‘सोडून दिले’ ही नोंद करण्यास आपण फार संकोचतो. नामवंत लेखकाचे पुस्तक पन्नासाव्या पानावर मिटले, हे सांगणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. वास्तविक ज्या वहीत सगळेच शेरे अनुकूल आहेत, त्या वहीवर कोणी विसंबत नाही. लेखापरीक्षकाचा अहवाल शंभर टक्के निर्दोष आला, तर शाखेपेक्षा अहवालाविषयीच अधिक शंका येते, हे आपण जाणतोच. वाचकांच्या पानावर प्रतिकूल पण सकारण अभिप्रायालाही तितकीच जागा मिळाली, तर त्याच पानावरील अनुकूल शब्दाची पत आपोआप वाढेल.

पुस्तकांची दुकाने थोडी आहेत. घरातील जागा आणि वाचनाचा वेळ त्याहून थोडा आहे. अशा वेळी मुलासाठी किंवा स्वतःसाठी पुस्तक निवडणाऱ्या दूरच्या माणसाला आपले पाच ओळींचे प्रामाणिक मत बरेच वाचवू शकते. पुढील वेळी एखाद्या पुस्तकाविषयी लिहिताना ‘चांगले आहे’ या शब्दांपुढे पूर्णविराम देण्याऐवजी ‘कारण’ हा शब्द लिहावा, आणि घरात वाचणारे मूल असेल तर लेखणी प्रथम त्याच्या हाती द्यावी, एवढीच सर्व वाचकांना विनंती.