एकाच डेटाचे दोनदा पैसे कशाला?

इंटरनेटवरून केलेला फोन फुकटचा असतो, हे मोबाइल कंपन्यांचं पालुपद धादांत खोटं आहे. तो मी विकत घेतलेल्या डेटावर चालतो. जुलै 2024 मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एका दिवसाच्या अंतराने याच डेटाचे दर चढवले. जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 239 रुपयांवरून थेट 299 वर गेला. वर ती 28 दिवसांची मखलाशी: महिने बारा, रिचार्ज तेरा. दर ठरवणं दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांवरच सोपवलंय. मग जाब कोण विचारणार?

एवढ्यानेही त्यांचं पोट भरत नाही. ‘समान सेवा, समान नियम’ असा धोशा लावून व्हॉट्सॲप, सिग्नललाही परवाने लावा, नेटवर्कच्या खर्चात त्यांचा वाटा घ्या, अशी कंपन्यांची मागणी आहे. समान काय आहे? ॲपवाल्याकडे ना स्पेक्ट्रम, ना टॉवर. टोल भरून पुढे आलेली गाडी, आत कोण बसलंय म्हणून पुन्हा अडवायची, असा हा प्रकार. वाटा घेतलाच, तर तो शेवटी माझ्याच खिशातून जाणार.

डाव जुना आहे. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचं जाहीर केलं आणि लोक खवळल्यावर माघार घेतली. सप्टेंबर 2020 मध्ये ट्रायने सांगितलं, अशा ॲपसाठी सध्या वेगळ्या नियमांची गरज नाही. मग दूरसंचार खात्याने फेरविचार करायला लावला आणि जुलै 2023 मध्ये ट्रायने तोच विषय पुन्हा उकरून काढला.

परवान्यांनी काय होतं, ते आखातात माणूस असलेल्या दापोली-खेडच्या घरांत विचारा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲप कॉलवर बंदी घालून परवाना मिळालेलीच ॲप चालू दिली गेली. त्यांच्यासाठी 2018 मध्ये महिना 50 दिरहमचा पॅक निघाला. तिथे राबणाऱ्या माणसाने इंटरनेटचे पैसे भरायचे आणि घरी पोराचं तोंड बघायचे वेगळे! ते पैसे घेणाऱ्या दूरसंचार कंपन्यांत मोठा हिस्सा तिथल्या सरकारचाच.

राहिला प्रश्न फसवणुकीच्या कॉलचा: ते रोखायला कडक नियम करा, माझा पाठिंबा आहे. त्यासाठी कंपन्यांना वाटा कशाला?

2015 मध्ये इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांविरुद्ध लोकांचे दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी आली. ट्रायने पुन्हा सूचना मागवल्या की गप्प बसू नका. लिहा, आणि मराठीत लिहा.