नाकाबंदी, पाठलाग आणि जिवाचे मोल

सोलापूर हे हमरस्त्यांच्या संगमावर वसलेले शहर आहे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ आणि धुळ्याकडून विजयपूरकडे उतरणारा क्रमांक ५२ हे दोन्ही येथे येऊन मिळतात. कर्नाटकाची सीमाही दूर नाही. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, रात्री भीमेच्या काठावरून निघणारी वाळूची वाहने, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या दिंड्या आणि कोजागरीला तुळजापूरकडे पायी निघालेले भाविक, या साऱ्यांना हे रस्ते पोसतात. अशा रस्त्यावर पोलिसाने हात दाखवला आणि चालकाने थांबण्याऐवजी वेग वाढवला, तर पुढे काय घडावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर चुकले म्हणजे कोणाच्या तरी घरी प्रेत येते.

कधी ते घर पोलिसाचेच असते. नाकाबंदीत उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या अंगावर वाहन घातल्याच्या आणि त्यात त्याचा प्राण गेल्याच्या घटना आपल्या जिल्ह्यानेही पाहिल्या आहेत. मुंबईत खार येथे २३ ऑगस्ट २०१६ रोजी वाहतूक शाखेचे हवालदार विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट दुचाकी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला अडवले. त्या रागातून त्यांच्या डोक्यावर प्रहार झाला आणि ३१ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. मुलाला अडवणे हे त्यांचे कर्तव्यच होते.

कधी ते घर नागरिकाचे असते. ७ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट नसल्याच्या कारणावरून एका पोलीस निरीक्षकाने दुचाकीवरील दांपत्याचा पाठलाग केला व धावत्या गाडीला लाथ मारली. मागे बसलेली पत्नी रस्त्यावर पडून मरण पावली. निरीक्षकाला अटक झाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरच्या पहाटे लखनौमध्ये गाडी थांबवली नाही म्हणून एका शिपायाने गोळी झाडली आणि खाजगी कंपनीचा एक अधिकारी ठार झाला.

या घटना परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. अडवणारा आणि अडवला जाणारा या दोघांच्याही मनात त्या क्षणी विचाराची जागा आवेशाने घेतलेली असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. चालकाच्या ध्यानात धोका येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. पाठलागात पुढचा मागे वळून पाहतो, मागचा पुढच्यावर नजर खिळवतो, आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी दोघांनाही दिसत नाही. चूक तिची मुळीच नसते.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. कायदेशीर आदेश न पाळल्यास कलम १७९ नुसार दंड आहे. अटक टाळण्यासाठी कोणी पळू लागला, तर आवश्यक ती सर्व साधने वापरण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ४३ पोलिसांना देते. मात्र तेच कलम पुढे मर्यादाही घालते : ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार या तरतुदीतून मिळत नाही. अटक करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या पाठलागावर राज्याच्या सीमेचेही बंधन नाही. कलम ४५ नुसार पोलीस देशात कोठेही पाठलाग करू शकतात. परंतु तो किती वेगाने करावा, वस्तीत कोठे सोडून द्यावा आणि सोडण्याचा निर्णय कोणी घ्यावा, याविषयी मोटार वाहन अधिनियमात स्वतंत्र कलम नाही.

ही उणीव केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये काही अंशी भरून काढली. हेल्मेट न घालणाऱ्याचा पाठलाग करू नये, रस्त्याच्या मध्ये उडी घेऊन त्याला अडवू नये, कॅमेऱ्यासारख्या साधनांनी वाहनाचा क्रमांक टिपून कारवाई करावी, असे न्यायालयाने बजावले. त्यानंतर काही दिवसांतच कोल्लम जिल्ह्यात एका पोलिसाने धावत्या दुचाकीस्वारावर काठी फेकली आणि तो तरुण तोल जाऊन समोरच्या मोटारीवर आदळला. निर्णय कागदावर येणे आणि तो रस्त्यावर उतरणे यांत केवढे अंतर असते, हे त्यातून दिसले.

न्यायालयाच्या सूचनेमागील विचार व्यवहारी आहे. हेल्मेट नसल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना अपात्रता आहे. वाहनाचा क्रमांक हाती असेल तर हा दंड दुसऱ्या दिवशीही वसूल होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ नुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची असते. पुण्याच्या दिशेने सुसाट पळालेली मोटार मोहोळजवळच्या सावळेश्वर पथकर नाक्यावर फास्टॅगची नोंद मागे ठेवते. जे उद्या घरी जाऊन करता येते, त्यासाठी आज कोणाचा जीव पणाला का लावावा?

मग पाठलाग कधीच करू नये काय? तसे म्हणता येणार नाही. न्यूझीलंडने डिसेंबर २०२० मध्ये पाठलागावर कडक निर्बंध घातले. परंतु न थांबता पळून जाणाऱ्या चालकांची संख्या वाढली आणि २०२३ मध्ये ते निर्बंध सैल करावे लागले. अपहरण झालेले मूल गाडीत असेल किंवा शस्त्रधारी पळत असेल, तर त्याला जाऊ देणे हाच मोठा धोका ठरतो. अमेरिकेतील पोलीस अधिकाऱ्यांच्या संशोधन संस्थेनेही २०२३ च्या अहवालात हिंसक गुन्हा घडलेला असेल आणि संशयितापासून तातडीचा धोका असेल, तरच पाठलाग करावा, अशी शिफारस केली.

अशा प्रसंगी काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर दहशतवादी पळवलेल्या मोटारीतून जात असताना तिचा तपशील बिनतारी संदेशाने पुढे पोहोचला आणि गिरगाव चौपाटीवर अडथळे उभे राहिले. मोटार अडथळ्यांअलीकडेच थांबली, वळू पाहताना दुभाजकावर आदळली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी केवळ काठीनिशी पुढे होऊन कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्यामुळे तो जिवंत सापडला. मरणोत्तर अशोकचक्राने त्यांचा गौरव झाला. मोटारीच्या मागे धावण्यापेक्षा संदेश तिच्या पुढे गेला, म्हणून ती अडली. असे बलिदान देशावरील हल्ल्याच्या रात्री मागितले जाते. हेल्मेटच्या दंडासाठी कोणत्याही पोलिसाकडून ते मागितले जाऊ नये.

तेव्हा सोलापूरकरांनी मागणी करायची ती नेमकी असावी. नाकाबंदी वळणावर, उतारावर किंवा पुलाच्या तोंडाशी नसावी. ती दुरून दिसावी. अडथळ्यांवर परावर्तक पट्ट्या व प्रकाश असावा आणि वाहनाचा वेग आपोआप उतरेल अशी त्यांची नागमोडी मांडणी असावी. कर्मचाऱ्याने वाहनासमोर उभे राहू नये, हँडल धरू नये, काठी उगारू नये. कोणत्या गुन्ह्यासाठी पाठलाग करायचा आणि तो कोणाच्या आदेशाने थांबवायचा, हे लेखी ठरवून जनतेला सांगावे. या नियमांनी पोलिसाचे हात बांधले जात नाहीत. त्याचाही जीव वाचतो.

आपल्या बाजूनेही काही देणे लागते. धर्मग्रामातील अनेक घरांत परवाना नसलेल्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली कौतुकाने दिली जाते. दंडापेक्षा घरच्या बोलण्याच्या भीतीने असा मुलगा पोलीस दिसताच गाडी पिटाळतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर किंवा वर्षअखेरीच्या रात्री तपासणी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलांना एवढे तरी आवर्जून सांगावे, की चूक झाली असली तरी गाडी बाजूला घेऊन थांब, दंड आम्ही भरू, पण पळू नकोस. हे त्याला घरातून आधीच ऐकायला मिळाले असेल, तर हात दाखवणारा पोलीसही त्या रात्री सुखरूप घरी जाईल.